मुळेकाठची आखाजी

या वाटेवर आता बाण काढले आहेत. पांढऱ्या रंगाचे, जाडजूड, दिसेल त्या दगडावर. शनिवार-रविवारी शहरातली मुलं पाठीवर पिशव्या बांधून डोंगर चढायला येतात, ती चुकू नयेत म्हणून. पहिल्या बाणापाशी मी थांबले आणि मला असा काही राग आला, की वाटलं, पायातली चप्पल काढून तो खरवडून टाकावा. ज्या वाटेवर माझ्या टाचा फुटल्या ती वाट मला हा बाण शिकवणार! आणि बाण चुकीचाच होता. तो करवंदीच्या जाळीच्या डावीकडून जा म्हणत होता. आमची वाट उजवीकडून जायची, कारण डावीकडे घोणशीचं बीळ होतं. ती घोणस मरून पन्नास वर्षं झाली असतील, पण माझे पाय उजवीकडूनच गेले.

उद्या दाजींचं तेरावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, "मावशी, गाडी पाठवतो, दारापर्यंत डांबरी आहे." मी म्हटलं, मी एसटीनं कळंबवाडीला उतरेन आणि जुन्या वाटेनं चालत येईन. त्याला वाटलं असेल, म्हातारीला चळ लागला. त्या डांबरीखाली काय अंथरलं आहे ते त्याला ठाऊक नाही. मला आहे, माझे हात त्यात होते.

कळंबवाडी माझं माहेर, मुळा नदीच्या अलीकडच्या अंगाला. सावरखेड आक्काचं सासर, पलीकडच्या अंगाला. मधे दीड कोसाची ही वाट. आधी हिरड्याचं रान, मग खिंड, मग उतरण, आणि खाली नदीतला उतार, म्हणजे जिथं पाणी गुडघ्याएवढं असायचं आणि माणसं-गुरं पार व्हायची ती जागा. पलीकडे पळसांचा माळ चढून गेलं की सावरखेडच्या चुलींचा धूर दिसायचा.

लोक लहानपणीच्या वाटांबद्दल बोलू लागले की त्यांच्या तोंडात साखर विरघळते. आमची वाट मारकुटी होती. श्रावणात शेवाळल्या खडकावरून घसरून गुडघे फुटायचे. भादव्यात गवत डोक्याच्या वर जायचं आणि त्याची पाती कानाच्या पाळ्या कापायची. दिवाळीनंतर कुसळं परकराला शिवून टाकल्यासारखी चिकटायची आणि रात्रभर मांड्या खाजायच्या. शिमग्याला गडी माणसं कुत्री घेऊन रानडुकरामागं लागत. एकदा खिंडीतच डुक्कर गाठलं होतं. पोट फाटलेलं एक कुत्रं माझ्या पायाशी येऊन बसलं आणि माझ्याकडं बघत मेलं. तीन दिवस खिंडीत रक्ताचा वास होता, आणि त्याच वासात कुड्याच्या फुलांचा वास मिसळला होता. आजही कुडा फुलला की मला ते कुत्रं आठवतं.

पण ह्याच वाटेवर वाळत घातलेल्या हिरड्यांचा तुरट वास होता, आणि ह्याच वाटेनं दाजी आले.

दाजी मध काढायचे. खिंडीच्या वर जो काळा कडा आहे, त्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असत, पाटाएवढी. दाजी कमरेला दोर बांधून वरून उतरत, एका हातात धुमसता पेंढा, दुसऱ्यात कोयता, आणि पायाच्या अंगठ्यानं कपारी चाचपत. आक्काला बघायला आले त्याच्या आदल्या दिवशी त्यांना माश्यांनी फोडलं होतं. तोंड भोपळ्याएवढं. आमची आई तर घाबरलीच. ते गेल्यावर आक्का हसून हसून लोळली. "अगं, त्यास्नी मी दिसले तरी का?" लग्नानंतर तिनं हेच त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "येक डोळा उघडा हुता की. तेवढ्यात काम झालं."

आक्का सासरी जाण्याआधी तिनं मला गोफण वळून दिली होती. बाजरी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायचं काम माझं. गोफणी सगळ्यांकडे होत्या, पण आक्काच्या हाताची वेगळीच. तिच्या सुटणाऱ्या टोकाला ती घायपाताचा बारीक झुबका गुंफायची, त्यामुळं फेकताना नुसता फटका ऐकू येत नसे, आधी एक शिट्टी निघे. गावात तशी ती एकच होती. गुंडे मात्र मातीचे. नदीकाठची चिकण माती मळून लिंबाएवढे गोळे करायचे आणि उन्हात कडक वाळवायचे. पाखराला लागला तर पाखरू पडायचं, माणसाला लागला तर गोळाच फुटायचा. माझा नेम असा होता की बा पाहुण्यांसमोर मला चिंचेचा एकेक आकडा पाडून दाखवायला लावायचा. दादाचा, म्हणजे भिवादादाचा नेम साधारण. त्याला ते झोंबायचं आणि मला ते आवडायचं.

आता आखाजीचं सांगते. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, आमरस होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या दोन गावांत आणखी एक रीत होती. दुपार कलली की कळंबवाडीचे गडी नदीच्या ह्या काठावर आणि सावरखेडचे त्या काठावर उभे राहायचे, गोफणी घेऊन. मधे नदीचं पात्र. गुंड्यांचा मारा सुरू व्हायचा आणि कुणाचं तरी डोकं, कोपर, ओठ फुटेपर्यंत चालायचा. रक्ताचे थेंब वाळूत पडले की धोंडूबाबा, आमच्या गावचे सगळ्यात जुने माणूस, हात वर करून ओरडायचे, "पुरं!" मग ज्या गावाचा गुंडा लागला त्या गावच्या बायकांनी नदी ओलांडून जखमेला हळद लावायची आणि दोन्ही गावांनी एकत्र बसून आमरस खायचा. नदीला रक्त दिलं की ती पाणी देते, असं म्हणायचे. आणि एक नियम होता, तो पाळण्यात मात्र कुणी कधी कसूर केली नाही. गुंडा कुणाचा, हे विचारायचं नाही. म्हणून तर सोयरिकी टिकल्या. दुपारी मेहुण्यावर गोफण उगारायची आणि संध्याकाळी त्याच्या ताटात पोळी वाढायची, असं आमचं चालायचं.

मग कुणीतरी तक्रार केली, पोलीस आले, मारा बंद झाला. आणि नेमका त्याच वर्षापासून पाऊसही. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. बहात्तरचं साल गेलं नाही, आमच्या छातीवर बसून राहिलं. नदी आटली, मग डोह आटले, मग डोहांतला चिखलही भेगाळला. बाजरीचं बी मातीतच भाजलं, माळ्यावर हाकायला पाखरूसुद्धा उरलं नाही. वाट तेवढी वाहती होती, कारण दोन्ही गावं दुष्काळी कामावर जात होती. ज्या रस्त्यानं आज माझा भाचा गाडी पाठवणार होता तो रस्ता. बा आणि दादा घणानं दगड फोडायचे, मी आणि आई हातोडीनं त्या दगडांची खडी करायचो. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. खडीचे कपचे उडून पोटऱ्या रक्ताळायच्या. बोलायला कुणाला त्राण नसायचं, भांडायला मात्र सगळ्यांना होतं. पाण्याच्या घागरीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. बानं एकदा आईला पुऱ्या रांगेसमोर मारलं. तिच्या हातून घागर सांडली म्हणून. आई रडली नाही. ओल्या मातीवर तोंड टेकवून तिनं ती चाटली.

पुढच्या आखाजीच्या आधी धोंडूबाबा पारावर म्हणाले, "नदीनं दोन वरसं रगात न्हाई बघितलं. ती का म्हनून येईल?"

सगळ्यांना तेच वाटत होतं. निरोप सावरखेडला गेला आणि होकार घेऊन आला. पोलिसांना कळू नये म्हणून नेहमीच्या जागी नको, नदीच्या वरच्या अंगाला, उतारापाशी, रानातल्या वाटेवर जमायचं ठरलं.

फक्त एका गोष्टीचा विचार दोन्ही गावांत एकानंही केला नाही. गुंडे कशाचे करायचे? चिकण माती मळायला पाणी लागतं.

त्या दिवसाचं ऊन पांढरं होतं. आक्का दोन दिवस आधी माहेरी आली होती. हळदीचं भांडं तिच्याच हातात दिलं होतं आणि ती आमच्या काठावर बायकांच्या पुढं उभी होती. पलीकडे पळसाच्या एका बुंध्याशी दाजी उभे होते, लाल फेटा बांधून. मी आदल्या दिवशी तिला चिडवलं होतं, "दाजींच्या टाळक्यात बसला तर?" ती म्हणाली होती, "बसू दे. तेवढंच टाळकं नरम व्हईल."

दादाचा उजवा खांदा घण मारून सुजला होता. हात कानापर्यंत जात नव्हता. तो मला जाळीमागं घेऊन गेला. "न्हाई उभा ऱ्हायलो तर बाचं नाक कापलं जाईल. मी फुडं हुभा ऱ्हातो, नुसता हात हलवतो. तू जाळीमागनं मार. तुझी गोफण घे."

"पोरीनं मारायचं नसतं."

"दिसनार कुनाला? आन तुझा याक तरी चुकलाय का कंदी?"

मी फुशारले, खोटं कशाला बोलू! पंधरा वर्षांची होते. पोटात सुकडीचा एक गोळा होता आणि अंगात कुठून आली होती कोण जाणे एवढी आग. मी जाळीमागं बसले.

धोंडूबाबांनी हाळी दिली आणि सुरू झालं. आधी जुन्या माळ्यांवर उरलेले मातीचे गुंडे निघाले. ते फुटायचे, धूळ उडायची, लोक हसायचे. ते पाच-दहा मिनिटांत संपले. मग पात्रातले गोटे. गोटा गोट्यावर आदळला की ठिणगी दिसायची, भर उन्हात. कावळे ओरडत उठले, कुत्री शेपट्या घालून पळाली. माणसांचे आवाज बदलले. दोन वर्षांची भूक, आटलेल्या विहिरी, मुकादमाच्या शिव्या, मेलेले बैल, सगळं त्या गोफणींतून सुटायला लागलं. माझा बा, जो देवळासमोरून जाताना चप्पल काढायचा, तो सोयऱ्याच्या आईवरून शिव्या देत होता आणि हसत होता. कुणाच्या बरगडीत लागलं, कुणाची नडगी सोलली, पण वाळूत थेंब पडेना. सुकलेल्या अंगांना लवकर रक्तही येत नव्हतं.

"हान! हान!" धोंडूबाबाच ओरडत होते.

दादानं हात मागं करून माझ्यापुढं मूठ उघडली. त्यात खडी होती. आम्हीच फोडलेली, धारदार. गोटे वेचायला पात्रात उतरावं लागलं असतं, म्हणून त्यानं कामावरून ओटीभर आणून ठेवली होती.

वेडावाकडा दगड गोफणीतून सरळ जात नाही, हे मला माहीत होतं. तो हवेत गिरकी घेतो आणि मन मानेल तिकडं वळतो. म्हणून मी माणसावर नेम धरलाच नाही. दाजींच्या डाव्या हाताला पळसाचा बुंधा होता, त्यावर धरला. त्यांनी दचकावं, एवढंच मनात होतं. रात्री आमरस खाताना त्यांना हसता येईल असं काहीतरी. मी गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. तिची शिट्टी वाजली.

दगड बुंध्याला लागला नाही.

दाजी ओरडले नाहीत. दोन्ही हात तोंडावर घेऊन हळूच खाली बसले. बोटांमधून रक्त आलं, मनगटावरून कोपराकडं आलं आणि वाळूत पडलं. थेंब नाही, धार. "पुरं!" धोंडूबाबा ओरडले. आणि आमच्या काठावर लोकांनी जयजयकार केला. माझी शपथ, जयजयकार केला.

मग सगळ्यांना दिसलं, की हळदीचं भांडं घेऊन जायची पाळी आक्काची आहे.

ती कोरड्या पात्रातून चालत गेली. पळाली नाही. तापलेल्या गोट्यांवर अनवाणी. मधेच एकदा ती थांबली, मागं वळली आणि तिनं आमच्या काठाकडं पाहिलं. मला वाटलं, आईला शोधते आहे. मग ती पुढं गेली, दाजींसमोर बसली, त्यांचे हात बाजूला केले आणि जिथं डोळा होता तिथं मूठभर हळद दाबली. तेव्हा मात्र दाजी ओरडले. ती आरोळी कड्यावर आपटून परत आली.

बैलगाडीनं तालुक्याला न्यायला संध्याकाळ झाली. डोळा काढावा लागला. दादा जाळीमागं माझ्यापुढं हात जोडून रडला, "बोलू नगंस. आक्काला घराबाहेर काढतील ते." मी बोलले नाही. कुणी विचारलंही नाही, नियमच होता.

आणि मृगात पाऊस आला. भरभरून आला, नदी दोन्ही काठ खात गेली. पारावर लोक म्हणायचे, "ज्या हातानं त्यो गुंडा मारला, त्या हाताला सोन्याचं कडं घालाया पायजे." बा मान हलवायचा. मी त्याच हातानं त्यांना पाणी द्यायचे. शेतं हिरवी झाली तसतशी मला ती हिरवळ बघवेना. गोफण मी चुलीत घातली. पाखरं बाजरीवर बसली तर मी नुसते डबे वाजवायचे. बानं विचारलं तर म्हटलं, हरवली.

एका डोळ्याच्या माणसाला कड्यावरची कपार जवळ आहे की लांब ते कळत नाही. दाजी एकदाच उतरले, अर्ध्यातून दोर ओढून वर घ्यावा लागला, आणि मध सुटला. पुढं सारा जन्म ते रस्त्याच्या गँगवर राहिले, त्याच रस्त्यावर. खड्ड्यांत खडी भरायचे. आक्का दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला गेली. कड्यावरची मोहोळं तशीच वाढत राहिली, कुणी काढेना.

माझं लग्न झालं, मी नगरला गेले. पण दर आखाजीला आक्का मला माहेराऐवजी तिच्या घरी बोलवायची. मी आले की ती कडुनिंबाचा पाला उकळायची, वाडगा आणि मऊ फडकं माझ्या हातात द्यायची. दाजींची ती रिकामी खोबण वरचेवर चिकटायची, पाझरायची. आक्का म्हणायची, "तूच धू. तुझा हात हलका हाय." घरात मुलगा होता, पुढं सूनही आली, तरी त्या दिवशी ते काम माझंच. मी हे नगरला शेजारणींना कौतुकानं सांगायचे. आमच्या आक्काचा माझ्यावर किती जीव, बघा! पापणी उचलून आत फडकं फिरवायचं. तांबूस, ओलं, कुणी नसलेलं घर. दाजी मान वर करून शांत बसायचे. "लई हलका हात हाय बरं का हिचा," म्हणायचे. आणि एकदा म्हणाले, "ज्यानं मारला त्याचं बी भलं हू दे. पानी तर आलं."

त्याच वर्षी ते मला उतार ओलांडून पोचवायला आले होते. आक्का मागून येत होती. करवंदीच्या जाळीपाशी मला राहवेना. मी म्हटलं, "दाजी, त्या दिवशी..." आणि मागून आक्काचा आवाज आला, चाबूक ओढावा तसा. "पुढं बघून चाल. बीळ हाय तिथं." ते बीळ तर जाळीच्या दुसऱ्या अंगाला होतं. पण माझा धीर सुटला तो सुटला.

तेरावं झालं. आज सकाळी मी निघाले तर आक्का म्हणाली, "चल, उतारापातुर सोडते." सत्तरी कधीच ओलांडली तिनं, पण वाटेवर अजून माझ्यापुढं चालते. आता खाली बंधारा झाला आहे, उतारावर पाणी मांडीला लागतं, दोर बांधला आहे. काठावर त्या पोरांनी टाकलेले चिवड्याचे रिकामे पुडे. पळस तसाच आहे. आक्का त्याच्या बुंध्याला टेकून बसली.

मी तिच्यासमोर बसले. दाजी गेले होते, आता कोण कुणाला घराबाहेर काढणार होतं? पन्नास वर्षं जे छातीत अडकलं होतं ते वर आलं. मी म्हटलं, "आक्का, तुला याक सांगायचं हाय." ह्या वाटेवर माझी जुनी बोली आपोआप परत येते.

ती पाण्याकडं बघत होती. "खडीचा हुता ना?" ती म्हणाली.

मी विचारलं, "तुला दादानं सांगितलं?"

"भिवा काय सांगतोय? गोफन मी वळली हुती. तिची शिट्टी मला वळखू येनार न्हाई व्हय? पात्रात मधी थांबून बघितलं म्या. जाळीमागं तुझा परकर दिसला."

"आन दाजींला..."

"त्यास्नी म्या मरंस्तवर सांगितलं न्हाई."

मी तिचे दोन्ही हात धरले आणि रडले. लहान मुलासारखी रडले, नाक वाहेपर्यंत. "आक्का, लई उपकार केलेस गं. मला वाचवलंस."

तिनं हात सोडवून घेतले. ओढून नाही, एकेक बोट उचकटून.

"उपकार कसले?" ती म्हणाली. "त्यास्नी सांगितलं असतं तर त्यांनी तुला त्याच दिशी माफ केलं असतं. हसून केलं असतं. मला ठावं हुता की त्यो मानूस." मग पदरानं तिनं स्वतःचं कोरडं तोंड पुसलं. "म्हनून न्हाई सांगितलं."

आक्का बुंध्याचा आधार घेत उठली, लुगड्याची माती झटकली. मी पाण्यात पाय घातला, दोर धरला आणि मागं वळून तिच्याकडं पाहिलं.

"ऊन चढंल, नीघ," ती म्हणाली. "पुढं बघून चाल."